विषयांकित ग्रंथीबाबत परिपत्रक

ज्या गोष्टीची नोंद नाही ती घडलेलीच नाही, या तत्त्वावर जगातली सर्व शिस्तशीर कार्यालयं आणि सर्व अब्रूदार घराणी चालतात. निवृत्त हेडक्लार्कांनी कार्यालय छत्तीस वर्षं सांभाळलं होतं, आणि घराणं कळायला लागल्यापासून.

घराण्याच्या वंशावळीत मृत्यूच्या कारणाचा रकाना त्यांनी स्वतः आखला होता. त्यानुसार गेल्या सात पुरुषांपैकी चौघे 'वय झाले' म्हणून, दोघे 'कंबर धरली' म्हणून आणि एक 'पोटाच्या त्रासाने' गेला होता. (वय झालेल्यांतला सर्वांत म्हातारा एकसष्ट वर्षांचा होता.) तेव्हा पुरुषांच्या कमरेखालच्या त्या ग्रंथीचा कॅन्सर आपल्याला झालाय, हे ऐकून हेडक्लार्कांना भीतीआधी आश्चर्य वाटलं. घरात तसा पायंडा नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर आकृती काढून समजावलं. गाठीतल्या पेशींत दोन जनुकं तुटून एकमेकांना जोडली गेली होती. एक हार्मोनचा हुकूम आला की कामाला लागणारं, दुसरं पेशींना वाढायला लावणारं. हेडक्लार्कांना हे लगेच उमगलं. रोज निघणाऱ्या फाइलला भलतीच फाइल शिवली गेली होती. असं त्यांच्या हाताखालीही दोनदा घडलं होतं. (दोन्ही कारकुनांना मेमो दिले होते.)

"ही जोडणी गाठीतच झालीय, ती वारशाने येत नाही," बाई म्हणाल्या. "पण तुमच्या रक्तात जनुकाचा आणखी एक बदल सापडलाय. तो जन्मापासूनचा, आईवडिलांपैकी कुणाकडून तरी आलेला. त्याने या कॅन्सरचा धोका वाढतो. भाऊ आहे का?"

"धाकटा आहे एक."

"मग त्याला सांगा. वेळेत सापडला तर बरा होतो. तुमचा जरा उशिरा सापडलाय."

धाकट्यावर हेडक्लार्कांचा जीव होता. वडिलांमागे त्याला त्यांनीच वाढवलं होतं, आणि म्हणूनच त्याच्याशी असलं काही बोलणं शक्य नव्हतं. (उभयतांत आजवर चर्चिले गेलेले विषय: हवा, पाण्याची टाकी, पेन्शन.) शेवटी त्यांनी सवयीने मार्ग काढला आणि सर्व नातेवाइकांना परिपत्रक धाडलं:

'विषयांकित ग्रंथीसंदर्भात वंशपरंपरागत स्वरूपाची बाब निदर्शनास आली असून, संबंधितांनी आपापल्या स्तरावर यथोचित कार्यवाही करावी.'

ग्रंथी कोणती, ते विषयात नव्हतं. मसुदा फारच सभ्य उतरला होता. आत्या तो घेऊन दातांच्या डॉक्टरकडे जाऊन आली. धाकट्याने 'वाचले' असं लिहून, खाली सही ठोकून परत पाठवला.

पंधरा दिवस वाट पाहून हेडक्लार्क स्वतः त्याच्याकडे गेले. दोनदा चहा झाला. टाकीचं बोलून झालं. मग ते भिंतीकडे बघत म्हणाले, "ते परिपत्रक लघवीच्या जागेबद्दल होतं. मला कॅन्सर निघालाय. तूही तपासून घे बाबा."

धाकट्याने कप बशीत ठेवला.

"दादा, माझा तीन वर्षांपूर्वीच निघाला. ऑपरेशन झालं. आता ठीक आहे मी."

"तू तर हर्निया म्हणाला होतास."

"डॉक्टरांनी सांगितलं होतं, मोठ्या भावालाही तपासायला सांगा म्हणून. पण तुमच्यासमोर असलं कसं बोलायचं? काही मर्यादा असते ना."

तीन वर्षं. हेडक्लार्कांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याहून वाईट म्हणजे त्यांना थोडा अभिमानही वाटला, कारण पोराला वळण चांगलं लागलं होतं आणि ते त्यांनीच लावलं होतं.

वाचकांनी या दोघांना खुशाल हसावं. फक्त, त्या ग्रंथीचं नाव इथवर एकदाही आलेलं नाही, आणि त्यावाचून तुमचं काही अडलंही नाही. प्रोस्टेट म्हणतात तिला. एकदा मोठ्याने म्हणून पाहा. आधी घरात कुणी ऐकत नाही ना ते बघाल, याची आम्हाला खात्री आहे.