फिर्मिनच्या चाकातली हवा

टायरमधल्या हवेबद्दल आमच्या गावात कुणाला काही विचारायचं असेल, तर त्यानं मला विचारावं. हे मीच सांगतोय, कारण दुसरं कुणी सांगत नाही.

मी मार्निक्स. नगरपालिकेत जन्म-मृत्यूच्या नोंदी करतो. लोक ही कामं आपापल्या वेळेनं करत असतात, त्यामुळे मला वाचायला भरपूर सवड मिळते. गेला अख्खा हिवाळा मी टायरवर वाचत होतो. किती रुंद घ्यावा, हवा किती भरावी, ओल्या रस्त्याला किती, दगडी रस्त्याला किती. मार्च उजाडेपर्यंत माझी अशी अवस्था झाली, की एखादा बाप बाळाचं वजन सांगायचा आणि मी मनातल्या मनात बाळाच्या टायरचा दाब काढायचो!

याला कारण होतं. आमच्या फ्लँडर्समधल्या प्रत्येक गावाला एक सायकल क्लब असतो आणि प्रत्येक क्लबाला एक वैरी असतो. आमचा क्लब 'चिवट टाचा'. वैरी नदीपलीकडचा. दर एप्रिलमध्ये शर्यत. चार-चार जणांचे संघ, अठ्ठेचाळीस किलोमीटर, मध्ये दोनदा दगडी रस्ता, आणि चौथा गडी पोचला की घड्याळ थांबणार. हरेल त्या क्लबानं एप्रन बांधून जिंकणाऱ्यांना जेवण वाढायचं. सहा वर्षं आम्हीच वाढत होतो. इतकं छान वाढायला लागलो होतो, की लोक आम्हाला लग्नकार्यासाठी विचारायचे!

माझे सासरे ओडिलोन, वय शहात्तर, क्लबाचे संस्थापक. मार्चमध्ये एकदा ते म्हणाले, "जावईबापू, डोळे मिटायच्या आत मला एकदा त्या जेवणाला बसून जेवायचंय, वाढायचं नाही."

"यंदा बसाल, पपा," मी छातीठोकपणे म्हणालो. "टायर माझ्यावर सोपवा."

"त्यात सोपवायचंय काय? तेवीस मिलिमीटर रुंदी, नऊ बार दाब. टणक! आमच्या वेळी..."

"तुमच्या वेळी दगडांवरून गेलं की दात हलायचे."

"हलायचे, पण पुढे जायचे!"

मी त्यांना सगळं समजावलं. अरुंद, टणक टायर दगडावर उड्या मारतो. रुंद आणि जरा नरम टायर दगड पोटात घेतो. आत ट्यूबच नसते, काटा लागला तर आतलं पांढरं औषध भोक बुजवतं. बत्तीस मिलिमीटर, चार-साडेचार बार. पाचाच्या फार वर गेलं तर टायर रिंग सोडतो आणि फुटतो. सासरेबुवांनी तासभर शांतपणे ऐकून घेतलं.

"पटलं?" मी विचारलं.

"हो. म्हणजे नऊ ना?"

आता दाब ठरतो वजनावर. म्हणून मी संघातल्या माझ्याशिवाय बाकीच्या तिघांना वजन विचारलं. माझी बायको गोडलीव म्हणाली, "साडेत्रेसष्ट." ती संघातली सगळ्यात वेगवान, तिला लपवायचं काय कारण? कामिल चर्चमध्ये ऑर्गन वाजवतो. इतका बारीक, की वाऱ्यात उभा राहिला तर शीळ ऐकू येते. तो म्हणाला, "सत्तर." फिर्मिन खाटकानं आधी मान वळवून दुकानात पाहिलं. आत त्याची बायको बर्टिना सॉसेजच्या गाठी मारत होती. मग तो खणखणीत आवाजात म्हणाला, "चौऱ्याऐंशी!"

"वीस किलो उतरवलंय हो त्यानं!" आतून बर्टिना अभिमानानं म्हणाली. "गाजरं खाऊन!"

मी नोंदी करणारा माणूस. लोक सांगतात ते लिहून घेतो.

शनिवारी दुपारी मी चारही सायकलींना नवे टायर चढवले, ज्याच्या त्याच्या वजनाप्रमाणे दशांशापर्यंत हवा भरली आणि सायकली चर्चमध्ये नेऊन उभ्या केल्या. रविवारी सकाळी दहाला आशीर्वाद, साडेअकराला शर्यत, अशी पद्धत आहे. पाद्री आन्सेल्म यांनी मेण ठिबकू नये म्हणून सायकलींवर एक मोठी पांढरी चादर घातली. खाली फक्त चाकं दिसत होती, एकसारखी, नवीकोरी. मी समाधानानं घरी गेलो. पुढचं सगळं मला नंतर कळलं.

पाच वाजता दुकान बंद करून फिर्मिन चर्चमध्ये शिरला. आपण चौऱ्याऐंशी नाही, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं चादरीखाली हात घालून आपल्या चाकांत चांगली दोन बार हवा वाढवली. ती चाकं कामिलची होती.

सहा वाजता कामिल ऑर्गनच्या सरावाला आला. आपण सत्तर नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. त्यानं आपल्या चाकांतली बारभर हवा सोडली. ती चाकं फिर्मिनची होती.

रविवारी सकाळी आठ वाजता माझे सासरे आले. त्यांनी अंगठ्यानं एकेक चाक दाबून पाहिलं. नरम. नरम. शी, अगदीच नरम! मग हाताला कामिलची चाकं लागली. "चला, एक तरी शहाणा निघाला," असं म्हणून त्यांनी प्रत्येक चाकात पंपाचे मोजून वीस दट्टे मारले. कामिलच्या चाकांतही मारले. कौतुक म्हणून.

दहा वाजता चर्च गच्च भरलं. पलीकडच्या क्लबाची माणसं पाहुणी म्हणून दुसऱ्या रांगेत होती. त्यांचा कप्तान सेराफ अंत्यविधींची व्यवस्था बघतो. भयंकर सभ्य माणूस, बोलला की आपलंच कुणीतरी गेल्यासारखं वाटतं. वर सज्जात कामिल ऑर्गन वाजवत होता. रंगीत काचेतून उन्हाचा एक पट्टा कामिलच्या मागच्या चाकावर बरोबर पडला होता. पाद्री आन्सेल्म यांनी चादर ओढली, हात वर केले आणि म्हणाले, "हे प्रभो, या चाकांना तुझा श्वास..."

धाड!

गावात युद्धानंतर असा आवाज झाला नव्हता! पांढरं औषध कारंज्यासारखं उडालं आणि पाद्रीबाबा कपाळापासून कमरेपर्यंत न्हाऊन निघाले. वर कामिलचे दोन्ही हात सगळ्या पट्ट्यांवर एकदम पडले. सेराफ बाकाखाली गेला आणि तिथून हळूच म्हणाला, "माफ करा." त्याच क्षणी पुढचं चाक फुटलं.

शांतता झाल्यावर मी मापक काढून बाकीची चाकं तपासली. माझ्याच चाकात साडेसहा!

"कुणी हात लावला?" मी ओरडलो.

"मी फक्त वीस दट्टे मारले," सासरे म्हणाले. "उरलेलं कुणाचं ते बघा."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. शर्यतीला चाळीस मिनिटं उरली होती. फुटलेल्या टायरमध्ये ट्यूब घालून भागणार होतं, पण दाब पुन्हा लावायचा तर खरी वजनं हवी होती.

"अठ्ठावन्न!" कामिल सज्जातून ओरडला आणि तोंड झाकून घेतलं.

"फिर्मिन?"

फिर्मिननं पहिल्या रांगेतल्या बर्टिनाकडे पाहिलं. ती त्याच्याकडे प्रेमानं बघत होती. गाजरांचे पाच महिने त्या नजरेत होते. तो कोपऱ्यातल्या कबुलीजबाबाच्या लाकडी खोलीत शिरला आणि आतून दार लावून घेतलं. पाद्रीबाबांना जावंच लागलं. औषध ठिबकवत ते पलीकडच्या बाजूनं आत गेले. तीन मिनिटांनी बाहेर आले, तेव्हा चेहरा गंभीर होता.

"किती?" मी कुजबुजलो.

"सांगता येत नाही. कबुलीजबाबातलं बाहेर जात नाही."

"पण त्यानं सांगितलं ना?"

"सांगितलं. आणि आता ते देवाकडे आहे."

"फक्त एवढंच सांगा, तीन आकडी?"

"मार्निक्स, तू हे कुठे उभा राहून विचारतोयस याचा विचार कर."

मी फिर्मिनच्या सायकलीला पंप लावला. चार बारला थांबलो आणि वर पाहिलं. पाद्री आन्सेल्म छताकडे बघत होते. त्यांना हलकासा खोकला आला. मी आणखी थोडी हवा भरली. पुन्हा खोकला. भरली. खोकला. चार पॉइंट नऊला खोकला थांबला.

खोकला कबुलीजबाबात मोडत नाही, हे मी नंतर विचारून घेतलं. पण पहिल्या रांगेत बर्टिना बोटांवर खोकले मोजत होती. तिनं तिसरं बोट दुमडलं तेव्हा फिर्मिननं शिरस्त्राण चढवलं आणि पट्टा गरजेपेक्षा जास्त आवळला.

आणि मग आम्ही उडालो! खोटं सांगत नाही. पहिल्या दगडी रस्त्यावर पलीकडचे खडखडत होते, आम्ही गालिच्यावरून चाललो होतो. दुसऱ्या दगडी रस्त्यानंतर आम्ही पन्नास सेकंदांनी पुढे! सासरे फिर्मिनच्या मटणाच्या गाडीतून मागून येत होते, खिडकीतून अर्धे बाहेर आणि डोळ्यांत पाणी. "जावईबापू! नरमच बरोबर होतं!" ते ओरडले. पस्तीस वर्षांत त्यांनी माझं पहिल्यांदा ऐकलं होतं.

शेवटचे दोन किलोमीटर राहिले होते. एकाएकी मला मागचं चाक जड लागायला लागलं. सायकल पुढे सरकेना. अनुभवी माणसाला हे लगेच कळतं.

"थांबा!" मी ओरडलो. "हवा गेली!"

बाकीचे तिघंही थांबले, कारण माझ्याशिवाय पोचून उपयोग नव्हता. मी मापक लावला. चार पॉइंट सहा. सकाळी भरली होती तेवढीच. विश्वास बसेना, म्हणून पुन्हा लावला. चार पॉइंट सहा.

सासरे गाडीतून उतरले. त्यांनी अंगठ्यानं टायर दाबला. मग त्याच अंगठ्यानं माझी मांडी दाबली.

"हे मऊ झालंय," ते म्हणाले.

"मार्निक्स," गोडलीव म्हणाली, "हा चढ आहे."

तेवढ्यात सेराफ आणि त्याचे तिघं आमच्या बाजूनं गेले. सेराफनं जाताना टोपीला हात लावला.

आम्ही चौदा सेकंदांनी हरलो. संध्याकाळी मी एप्रन बांधून बटाट्याचे तळलेले काप वाढत होतो, सासरे रश्शाचं भांडं धरून मागे होते आणि माझ्याशी बोलत नव्हते. सेराफनं माझा हात हळुवार धरला.

"फार सुंदर पळत होत्या तुमच्या सायकली," तो म्हणाला. "टायर कुठले होते हो? आणि हवा किती?"

सहा महिने मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी काप खाली ठेवले आणि त्याच्याशेजारी बसलो. रुंदी, वजन, ओला रस्ता, कोरडा रस्ता, सगळं सविस्तर सांगितलं. तो कागदी रुमालावर लिहून घेत होता. एका ठिकाणी तो चुकला, तर मी दुरुस्तही केलं.

गोडलीव हे लांबून बघत होती. घरी येताना ती एवढंच म्हणाली, "सगळं सांगितलंस?"

आता इतक्या आपुलकीनं कुणी विचारलं, तर माणसानं काय करायचं!