निकमभाऊजींचा गारठा

दोह्यात ऐन जूनमध्ये कानटोपी घालणारा एकच माणूस मी पाहिला. आमच्या खालच्या मजल्यावरचे निकमभाऊजी. बाहेर डांबर चपलेला चिकटत असायचं आणि हे कानटोपी, मफलर, स्वेटर अशा थाटात शिंकत दार उघडायचे.

कारण त्यांच्या खोलीत द्राक्षाची वेल होती. खिडकीजवळ, तेलाच्या अर्ध्या कापलेल्या पिंपात. एसी चालायचा तो तिच्यासाठी. भाऊजी स्वतः स्वयंपाकघरात, उकाड्यात झोपायचे.

भाऊजी निफाडकडचे, इथे एका कंपनीत ड्राफ्ट्समन. तरुणपणी ट्रेनिंगसाठी वर्षभर जर्मनीत होते. तिथल्या घरमालकाची थंड डोंगरउतारावर छोटीशी बाग होती. फवारणी नाही, रासायनिक खत नाही. रस काढून पिंपात ठेवायचा, त्यात काही घालायचं नाही. वाइन आपली आपण होते. हे पाहून आलेला माणूस पुन्हा ताळ्यावर आला नाही. "वहिनी, उन्हात गोडी येते, पण चव येते गारठ्यात," हे वाक्य आमच्या फरीज बिन ओमरान वस्तीतल्या प्रत्येक मराठी घराने ऐकलं होतं.

औषधाचा थेंब चालायचा नाही. पानांवरची पांढरी कीड ते जुन्या टूथब्रशने काढायचे, एकेक पान तळहातावर घेऊन. आमच्याकडची उकळलेली चहापत्ती आणि अंड्यांची टरफलं त्यांच्याकडे जायची. एकदा उम्म सलाल मोहम्मद गावातल्या एका शेतावरून शेळीच्या लेंड्यांची पोती आणली, तीही आमच्या गाडीतून. पुढे कितीतरी दिवस आम्ही काचा खाली करून फिरत होतो.

"हा माणूस आपल्याला देशाबाहेर काढणार," आमचे हे म्हणायचे. त्यांची भीती लेंड्यांची नव्हती. इथे घरी वाइन करणं म्हणजे थेट तुरुंग. मी भाऊजींना तसं सांगितलं, तर म्हणाले, "मी फक्त रस काढणार. पुढे काय व्हायचं ते रसाने ठरवायचं."

बऱ्याच वर्षांनी वेलीने घड धरले. भाऊजींनी ते पातेल्यात हाताने कुस्करले, रस बरणीत भरला, तोंडाला फडकं बांधलं. काही आठवड्यांनी घरमालक बू राशिद गळका एसी बघायला आले आणि त्यांची नजर बरणीवर गेली. फडकं सोडून त्यांनी वास घेतला. आमचे हे दारातच उभे होते, ते दोन पावलं मागे सरले.

बू राशिदनी बोट बुडवून चाटलं. "खल्ल," म्हणाले. म्हणजे व्हिनेगर. "सलाड में बहुत अच्छा." आणि 'शुक्रन' म्हणत, आभार मानून बरणी घेऊनही गेले.

वाइनचं व्हिनेगर झालं याचं भाऊजींना इतकं दुःख झालं, की त्यापेक्षा तुरुंग परवडला असता.

पुढच्या उन्हाळ्यात कंपनीने त्यांना कामासाठी दूर दुखानच्या तेलविहिरींवर पाठवलं. ते तिकडे असताना एसी जळाला. परत आले तेव्हा पानं पापडासारखी मोडत होती.

मी आमटीभात घेऊन खाली गेले. भाऊजी बनियनवर, घामाने निथळत पिंपाशेजारी बसले होते.

"खलास, वहिनी."

"दुसरी लावू या."

ते मान हलवत राहिले. मग म्हणाले, "गेल्या सुट्टीत घरी गेलो ना, तर मुलगी आतल्या खोलीत आईला सांगायला धावली. म्हणाली, ते काका आलेत."

भाऊजींच्या पत्नी शैलावहिनी इथे एकच उन्हाळा राहिल्या होत्या. बाळंतपणाला माहेरी गेल्या, त्या परत आल्याच नाहीत. सगळ्यांना ठाऊक होतं. भाऊजींसमोर विषय कोणी काढत नसे.

"दर शुक्रवारी फोन लावतो. कशी आहेस विचारतो. बरी आहे म्हणते. मग दोघंही गप्प." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "वहिनी, मुलीशी काय बोलायचं असतं?"

द्राक्षावर तासन्‌तास बोलणारा हा माणूस. मी म्हटलं, "विचारा की, आज काय जेवलीस?"

"आज काय जेवलीस," ते पुटपुटले, पाठ करावं तसे.

शुक्रवारी टेलिफोन ऑफिसातून ते थेट आमच्याकडे वर आले. खुर्चीच्या कडेला टेकले.

"विचारलंत?"

"हो."

"काय म्हणाली?"

"वरणभात."

मी पाणी दिलं. ते प्यायले नाहीत, भांडं हातात धरून बसले.

"वर तूप होतं का, ते विचारायचं राहिलं," ते म्हणाले. "लाइन गेली."