गुरुपुष्याला वैजूची उंची

परदेशात अर्थशास्त्र शिकणाऱ्या पोरांची उंची आपापल्या देशाच्या पैशाला बांधलेली असते, म्हणून रुपया पडला की आमची वैजू बुटकी होते. जळगावहून निघाली तेव्हा बापापेक्षा उंच होती. आता खुर्चीत बसली की टेबलावर नुसते डोळे येतात. तिच्या वर्गातलं स्वित्झर्लंडचं पोरगं दारातून वाकून जातं म्हणे.

तिथल्या कॉलेजच्या ऑफिसातल्या बाई बोलायला गोड. म्हणाल्या, "परीक्षेला खुर्चीतून पेपर दिसला पाहिजे. नाही दिसला तर गैरहजर. गैरहजर तर व्हिसा रद्द."

"खाली उशी घेऊ?"

"उशी आजारी मुलांना. रुपया पडणं आजारात धरत नाहीत."

वैजूनं मला फोनवर सांगितलं, "आजी, गुरुवारी पेपर आहे. त्या दिवशी कुणाला सोनं घेऊ देऊ नकोस. सोनं बाहेरून येतं, त्याला डॉलर जातात, मग रुपया पडतो."

"अगं, गुरुपुष्य आहे त्या दिवशी! तुझ्या लग्नासाठीच तर घेते मी दर वेळी गुंजभर."

"माहितीय. दर वेळी घोट्यात कळ येते."

गुरुवारी मी विसपुते सराफांच्या पायरीवर जाऊन बसले. येईल त्या बाईला सांगितलं, "पंचांगात चूक झालीय बाई, पुष्य कालच होऊन गेलं." अर्ध्या बायका माघारी फिरल्या. मला हसू आवरेना. मग विसपुते पंचांग घेऊनच बाहेर आले, तेव्हा त्यांना वैजूचं सगळं सांगावं लागलं.

"आजी, पोरीचं ऐकून वाईट वाटतं हो. पण ज्यांच्या घरी लग्न आहे त्यांनी काय करायचं?"

शेजारच्या झांबरे काकू म्हणाल्या, "माझी नात इथंच बीए करते. तिला काही होत नाही." आणि आत गेल्या.

गेलेल्या बायका जावा-नणंदांना घेऊन परत आल्या. त्यांच्या मागं रांगेत माझाच मुलगा, दिगंबर.

"अरे, तुझी पोरगी तिकडे खुर्चीत बसलीय!"

"मुहूर्त मोडू नये, आई. आणि तिच्यासाठीच घेतोय ना."

संध्याकाळी वैजूचा फोन आला. आवाज बारीक.

"पेपर दिसला का गं?"

"टेबलाची खालची बाजू दिसली. कुणीतरी च्युइंगम चिकटवलंय."

गैरहजर लागली. पाठवून दिली. विमानात एका बाईंनी मांडीवर घेतली, तेवढी सोय झाली. इथं येऊन वाढेल असं वाटलं होतं, पण तिचं नाव अजून तिकडच्या रजिस्टरात आहे, त्यामुळं उंचीही तिकडंच बांधलेली. नाव काढायला तिनं स्वतः काउंटरवर यायचं, असं ऑफिसातल्या बाई म्हणाल्या. आणि काउंटर उंच आहे.

परवा भुसावळचं स्थळ आलं. मुलगा नोकरीला, माणसं बरी. मुलाच्या आईनं उंची विचारली. दिगंबरनं वर्तमानपत्रात रुपयाचा भाव बघून सांगितली. चालेल म्हणाल्या.

"पण वीस तोळे घालावे लागतील. सगळं नवीन. जुनं मोडून नको."

"घालू की," दिगंबर म्हणाला.

"आजी," वैजू म्हणाली, "मला घट्ट धर."

मी तिला मांडीवर घेतलं आणि धरून बसले.