पालत्तिंगलचा उजवा हात

गुरुवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, आमच्या रुग्णालयाच्या सभागृहात, एकशे चाळीस विद्यार्थ्यांच्या साक्षीने असं निष्पन्न झालं, की ज्या माणसाला मी सात दिवसांत चालतं केलं होतं, तो आधीपासूनच चालत होता.

घटना एवढीच. बाकीचा तपशील देणं भाग आहे, कारण तो कॅन्टीनमध्ये रोज थोडा वाढतो आहे आणि कालपर्यंत मी त्या माणसाला नारळाच्या झाडावरही चढवलं होतं.

मी सजीवन. मलप्पुरम जिल्ह्यात सतरा वर्षं पुनर्वसनाचं काम करतो. म्हणजे पक्षाघाताने, अपघाताने आडवी झालेली माणसं पुन्हा उभी करतो. त्या गुरुवारी बारावीच्या मुलांना या पेशात समाधानाचं करिअर कसं घडवावं, हे मी सांगणार होतो. भाषणाचं पहिलं वाक्य पाठ होतं : 'मुलांनो, मी माणूस चेहऱ्यावरून ओळखत नाही, चालीवरून ओळखतो.' दुर्दैवाने त्यातलं अर्धं शब्दशः खरं होतं.

आठवडाभर आधी माझ्या टेबलावर नवी फाइल आली. पालत्तिंगल मोइदू, वय एकोणसाठ, लग्नाच्या बिर्याणीचे आचारी, उजव्या बाजूचा पक्षाघात, बोलणं अस्पष्ट. आमच्याकडे पेशंटला घराच्या नावाने हाक मारतात. वॉर्डात तेव्हा तीन मोइदू होते, म्हणजे मारावीच लागणार. मी दारात येऊन "पालत्तिंगल" अशी हाक दिली. व्हीलचेअरवर बसलेल्या, उजवा पाय लांब करून ठेवलेल्या माणसाने लगेच हात वर केला. उजवा.

हा मोइदूंचा धाकटा भाऊ, अवरान. घर एकच, तेव्हा त्याचं उत्तर चूक नव्हतं. थोरले वर औषधाच्या गुंगीत झोपले होते, ते सांगायला तो रिकामी खुर्ची घेऊन खाली आला होता, आणि तरुणपणी फुटबॉलमध्ये मोडलेला गुडघा दुखत होता म्हणून तिच्यात बसला होता. हे सगळं त्याने मला सांगायला सुरुवातही केली. पण तोंडात पान होतं. उच्चार अस्पष्ट, फाइलशी जुळला. मी त्याला बोलायचे कष्ट घेऊ नका म्हणालो.

त्याने ते पाळलं. पेशंटसोबत राहणाऱ्या नातेवाइकाला आम्ही व्यायाम शिकवतो, म्हणजे घरी गेल्यावर तो करून घेतो. अवरानला वाटलं, हे तेच शिक्षण आहे. तो रोज सकाळी नऊला हजर. आधाराच्या दोन दांड्यांच्या मधून चालायचा, पायऱ्या चढायचा, आणि प्रत्येक व्यायाम किती वेळा ते बोटांवर मोजून घ्यायचा. इतका मन लावून शिकणारा पेशंट मी सतरा वर्षांत पाहिला नव्हता. पेशंट नव्हताच तो.

दुसऱ्या दिवशी नियमाप्रमाणे मी विचारलं, काय जमायला हवं?

"सर, पुढच्या रविवारी पोरीचा निकाह आहे," अवरान पानभरल्या तोंडाने म्हणाला. "बापाला उजव्या हाताने जावयाचा हात धरायचाय. दुसरं काही नको."

मी म्हटलं, धरा माझा. त्याने असा धरला, की दुपारचं जेवण मी डाव्या हाताने केलं. फाइलमध्ये लिहिलं : हाताची पकड उत्तम, उपचाराची गरज नाही. खाली सही.

हाताचं काम आमच्याकडे रमणीचेची, म्हणजे रमणीताई, बघतात. वयाने आणि अनुभवानेही माझ्याहून मोठ्या. माझी नोंद वाचून त्यांनी मोइदूंचं नाव आपल्या यादीतून काढलं. मंगळवारी वॉर्डाच्या डॉक्टरांनी मला थांबवून सांगितलं, की हे गृहस्थ हात उचलताना दिसत नाहीत. मी हसलो. पेशंट वॉर्डात आळस करतात, माझ्यासमोर सगळं करतात, असं मी म्हणालो. हे वाक्य आठवलं की मी अजूनही कॉरिडॉरमध्ये वेग वाढवतो.

मग तो गुरुवार. मी अवरानला मंचावर चालवलं. टाळ्या झाल्या. पहिल्या रांगेतल्या एका मुलीने त्याला विचारलं, झटका आला तेव्हा काय वाटलं?

"मला कशाला येईल?" अवरान म्हणाला. "झटका इक्काला आला, माझ्या थोरल्या भावाला. तो वर आहे, बेड नंबर अकरा. सर शिकवतात ते मी रोज संध्याकाळी त्याच्याकडून करून घेतो."

सभागृहात पंखे किती आहेत, हे मला त्या दिवशी कळलं. नऊ.

मी वर धावलो. मागे डॉक्टर, त्यांच्या मागे रमणीचेची, सगळ्यात मागे लंगडत अवरान. बेड अकराजवळ मोइदू काठी धरून उभे होते. मला पाहून चार पावलं चालून दाखवली. हुबेहूब अवरानसारखी, मोडक्या गुडघ्याच्या लंगडण्यासकट. पाय भावाने उभा केला होता. उजवा हात मात्र बाजूला लोंबत होता, ओल्या टॉवेलसारखा. मी हात शिकवला नव्हता, म्हणून अवराननेही शिकवला नव्हता.

रमणीचेचींनी तो हात उचलून आपल्या हातात घेतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पकड उत्तम."

मी माफी मागितली. मोइदूंनी बराच वेळ शब्द जुळवले. "हात... सात दिवस... झोपला," ते म्हणाले. त्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

तेव्हापासून रोज तीन वेळा हाताचं काम चालू आहे. रमणीचेची हात बघतात, अवरान पाय बघतो. मी मदतीला असतो. माझ्याकडे गरम पाण्याची बादली आहे. परवा मी एक सूचना केली, तर मोइदूंनी आधी अवरानकडे पाहिलं. अवरानने विचार करून मान हलवली, तेव्हा ती मान्य झाली. त्या शाळेकडून आभाराचं पत्र आलं आहे. ते मी उघडलेलं नाही.

आज शनिवार, संध्याकाळचे पाच. चार बोटं मिटतात. अंगठा मिटत नाही. निकाह उद्या सकाळी अकराला आहे. बापाने अधिकार दिला तर त्याच्या वतीने भाऊही जावयाचा हात धरू शकतो. मोइदूंनी तो अजून दिलेला नाही. अवरानने मघाशी दोन पांढरे शर्ट इस्त्रीला दिले, एक इक्काचा, दुसरा स्वतःचा. दुसऱ्या शर्टाबद्दल त्याने इक्काला सांगितलेलं नाही, आणि मीही सांगू नये, असं त्याचं म्हणणं आहे.