सत्कारमूर्तीने मंच सोडू नये

आमच्या गावात सत्कार झाल्याशिवाय कुणी नोकरीवर जात नाही. हा नियम कुठेही लिहिलेला नाही, म्हणून तर तो पाळला जातो. मास्तर झालेला असो, पोलिसात लागलेला असो, नाहीतर येलदरीच्या धरणावर रोजंदारीने पहाऱ्याला लागलेला असो. शाल, श्रीफळ आणि फेटा घेतल्याशिवाय त्याला वेस ओलांडू दिलेली नाही. सत्कार समितीचा सचिव या नात्याने ही परंपरा मीच सांभाळत आलो आहे. त्यामुळे योगिनीच्या प्रकरणात समितीविषयी जे गैरसमज पसरवले जात आहेत, त्यांचा खुलासा करणे मला भाग आहे.

योगिनी ही श्रीराम आणि चतुराबाईची थोरली लेक. परभणीत राहून नर्सिंग पास झाली आणि पुण्याच्या एका मोठ्या दवाखान्यात लागली. सोमवारी सकाळी हजर व्हायचे, नाहीतर जागा दुसरीला, असे त्या लोकांनी तिला बजावले होते. ही माहिती घेऊन आणि वर पेढे घेऊन ती गुरुवारी बापासोबत माझ्याकडे आली. गुपचूप निघून गेली असती तर पुढचे काहीच घडले नसते, पण पोरगी संस्कारी.

"उद्धवकाका, मी उद्याच जायलेय," ती म्हणाली. "तिथं खोली बघायची हाय. ओळखीचं कुणीच न्हाई."

"आणि सत्कार?"

"सुट्टीला आल्यावर करा की."

"सुट्टीला आलेल्याचा पाहुणचार करतात बाळ, सत्कार नाही."

श्रीरामने माझ्याकडे पाहिले, मग लेकीकडे पाहिले. पुढेमागे ह्याच गावात धाकट्या लेकीचं लग्न करायचं होतं त्याला. "थांब एक दिवस," तो म्हणाला. "गावाच्या बाहेर जाता येतं, गावाला सोडून न्हाई."

शुक्रवारी फ्लेक्स आला आणि माजी सरपंच माणिकराव रुसले. त्यांचा फोटो खालच्या ओळीत होता. त्यांनी निरोप धाडला की मी अजून जिवंत हाय, हे समितीच्या ध्यानात असू द्यावं. फ्लेक्स पुन्हा छापावा लागला आणि कार्यक्रम शनिवारवर गेला. नव्या फ्लेक्सवर माणिकराव वर आले, त्यांचे व्याही आले, दोन्ही पुतणे आले. अन्याय कुणावरच झाला नाही. फक्त योगिनीच्या फोटोला जागा उरली नाही. पण नाव होते, आणि तेही ठळक.

शनिवारी प्रमुख पाहुणे आले नाहीत. युवा नेते भुजंगराव यांना मानवतकडे एका पाठोपाठ एक असे सत्कार होते. त्यातला एक त्यांचा स्वतःचाच होता, म्हणून तो टाळता येत नव्हता. त्यांनी रविवार सकाळचा शब्द दिला. योगिनी पुन्हा माझ्याकडे आली. या वेळी पेढे नव्हते.

"काका, उद्या संध्याकाळी परभणीहून गाडी हाय. ती चुकली तर माझी जागा जाईल."

"जागा कुठं जायलीय? पुण्यातच राहील की."

"तुमाला मस्करी सुचायलीय," ती म्हणाली आणि काढलेले तिकीट माझ्यापुढे धरले. मलाही वाईट वाटले. परंतु पाहुण्यांची तारीख मिळालेली असताना वाईट वाटून घेणे सचिवाला परवडत नाही.

कार्यक्रमाची जागा आरोग्य उपकेंद्रासमोरची. याविषयी सर्वांत जास्त गैरसमज आहेत, म्हणून स्पष्टच सांगतो. उपकेंद्रात नर्सची जागा कित्येक वर्षे रिकामी आहे. इमारत उगाच ओस पडू नये, या शुद्ध हेतूने समितीच्या खुर्च्या, सतरंज्या, भोंगे आणि शालींचे गठ्ठे आम्ही तिथे ठेवले. चावी माझ्याकडे. तपासणीच्या टेबलावर आता श्रीफळे असतात. समोरची भिंत सरळ असल्यामुळे फ्लेक्सही तिथेच लागतो. दरवाजा झाकला जातो, पण कुलूप असलेला दरवाजा दिसून करायचे काय?

रविवारी सकाळपासून बायाबापड्यांना आणून बसवले, कारण रिकाम्या खुर्च्या पाहून पाहुणे गाडीतूनच हात करून परत जातात. पाहुणे जेवणवेळ टळल्यावर आले. योगिनी फेटा बांधून मंचावर बसली होती. तिची बॅग चतुराबाईने मांडीवर धरली होती. भुजंगरावांनी माईक घेतला आणि परिचारिका हा समाजाचा कणा असल्याचे सांगायला सुरुवात केली. "आपल्या डॉक्टर योगिनीताई" असा उल्लेख त्यांनी वारंवार केला. एवढ्या मोठ्या माणसाला दुरुस्त कोण करणार?

तेवढ्यात पुढच्या रांगेतली बायनाबाई खुर्चीवरून घसरली.

बायनाबाई ही योगिनीची शेजारीण. तिला साखरेचा आजार आहे. सकाळी गोळी घेतली होती, पण कार्यक्रमानंतर जेवण आहे असे आम्ही जाहीर केल्यामुळे ती उपाशीच येऊन बसली होती. योगिनीने मंचावरून उडी मारली. फेटा सुटून पायात आला, तोही तिने तसाच ओलांडला. म्हातारी घामाने भिजली होती, हात कापत होते, विचारलेल्याला उत्तर देत होती तेवढेच.

"साखर आणा," योगिनी म्हणाली.

साखर होती, पण ती पाहुण्यांच्या चहासाठी राखून ठेवलेली होती. तसे मी नम्रपणे निदर्शनास आणून दिले. तिने डबाच माझ्या हातातून ओढून घेतला.

"बाळ, सत्कारमूर्तीनं मंच सोडू नये," मी हळूच सांगितले. "पाहुण्यांचं भाषण चालू आहे."

"मग चालू द्या की. मी कुठं अडवायलेय?"

साखरेचे पाणी पोटात गेल्यावर बायनाबाईने डोळे नीट उघडले आणि जेवण किती वेळात हाय म्हणून विचारले. योगिनीने तिला आत झोपवायला सांगितले. आत म्हणजे उपकेंद्रात. तिथे जायचे तर फ्लेक्स काढावा लागत होता, आणि फ्लेक्सच्या बरोबर पुढे पाहुणे उभे होते. पाहुण्यांच्या गाडीतून परभणीला नेता आले असते, पण गाडी तीन गावांच्या शाली आणि नारळांनी भरलेली. सगळे कसे नियमात अडकले होते. दोष कुणाचाच नव्हता.

"गोळीचा अंमल हाय अजून, साखर परत उतरू शकती," योगिनी म्हणाली. "हिला परभणीला न्यायला लागतं." चतुराबाईने कुणालाही न विचारता रस्त्यावरची रिक्षा थांबवली. बायनाबाई आत बसली, योगिनी बसली, शेवटी बॅग बसली. पाहुणे तेव्हा सेवाभावावर बोलत होते. तिने म्हातारीला परभणीच्या दवाखान्यात दाखल केले, तिच्या मुलाला बोलावून घेतले आणि तिथूनच स्टेशन गाठले. गाडी मिळाली. सोमवारी ती हजर झाली.

इकडे मंचावर मोठाच पेच उभा राहिला. शाल पाहुण्यांच्या हातात आणि सत्कारमूर्ती रिक्षात. माणिकराव अनुभवी माणूस. ते म्हणाले, "खुर्ची तर तिचीच हाय ना?" मग भुजंगरावांनी खुर्चीला शाल घातली, श्रीफळ खुर्चीवर ठेवले, आणि फेटा पाठीला बांधला. टाळ्या झाल्या. मी आभार मानले. खुर्चीने शेवटपर्यंत घड्याळ पाहिले नाही की गाडीचा विषय काढला नाही. एवढा शिस्तीत झालेला सत्कार गावाने पाहिला नव्हता, आणि यापुढचे सत्कार शक्यतो याच पद्धतीने करावेत असे समितीचे मत पडले आहे.

गेल्या आठवड्यात योगिनीचा फोन आला. खोली मिळाली म्हणाली, काम लय हाय म्हणाली, पण बरी आहे. मग मुद्द्यावर आली.

"काका, माझ्यासोबत नर्सिंग शिकलेली मनिषा आपल्या उपकेंद्रावर यायलीय. तिची ऑर्डर निघाली. बायनाबाईची साखर तीच बघत जाईल. तेवढी चावी द्या तिला."

मी समितीची बैठक बोलावली. माणिकरावांनी विचारले, खुर्च्या कुठं ठेवायच्या? त्यामुळे चावी माझ्याकडेच राहिली. मनिषाचा निदान सत्कार तरी करावा, अशी सूचना एकाने मांडली. ती मीच फेटाळली. आपल्याकडे सत्कार जाणाऱ्याचा होतो. येणाऱ्याचा करायची पद्धत नाही. ती कंटाळून गाव सोडेल त्या दिवशी समिती मागे हटणार नाही, फेटा तयार आहे.

मनिषा आता रोज पेडगावच्या फाट्यावर उतरून येते, फ्लेक्ससमोर थोडा वेळ उभी राहते आणि निघून जाते. हे वाचून तुम्ही आम्हाला हसत असाल, खुशाल हसा. परंतु त्या दिवशीचा फोटो आम्ही सगळीकडे पाठवला होता, आणि त्याखाली हात जोडून अभिनंदन करणाऱ्यांत तुम्हीही होता. शाल पांघरलेल्या खुर्चीत कुणी का बसलेले नाही, हे तुमच्यापैकी एकानेही विचारले नाही.