साळवीकाकांच्या वतीने

साळवीकाका दारात उभे राहिले की आधी आपण कोण आहोत ते सांगायचे. नाव नव्हे, हुद्दा. "नमस्कार सर. आज मी दूत म्हणून आलोय." दूत असले की पायपुसण्यावरूनच बोलायचे, पाणीही घ्यायचे नाहीत, निरोप सांगून निघून जायचे. पण "आज मी वकील आहे" म्हणाले की मी मुकाट्याने खुर्ची पुढे करायचो. वकील तासभर हलत नसत.

बेव्हर्ली पार्कमधल्या आमच्या इमारतीत ते तळमजल्यावर एकटे राहत. मूळचे रत्नागिरीकडचे, कुठल्याशा कचेरीतून निवृत्त झालेले. आम्हा बाकीच्यांना नोकऱ्या होत्या, दुकानं होती, दुखरे गुडघे होते. काकांना वेळ होता. त्यामुळे लग्न, बारसं, मयत, कुठेही जायला जमत नसलं की समोरच्या दुकानातून जिग्नेशभाई ओरडायचे, "काका, मेरी तरफ से जाके आओ ना."

काका विचारायचे, "किस हैसियत से?"

त्यांच्या लेखी हा गमतीचा प्रश्न नव्हता. "दूत निरोप पोचवतो, सर. वकील भांडतो. मुखत्यार सही करतो. आणि प्रतिनिधी त्या माणसाच्या जागी बसतो, त्याने जेवढं केलं असतं तेवढंच करतो. सगळ्यात अवघड काम." एका मयतीहून परतल्यावर त्यांनी जिग्नेशभाईंना सांगितलेलं मी स्वतः ऐकलं आहे, "आपकी तरफ से थोडा रोया. पहचान उतनी ही थी."

एकदा सोसायटीच्या सभेत गळतीचा वाद होता. वरच्या मजल्यावरच्या कुलकर्ण्यांनी काकांना वकील नेमलं होतं, आणि खालच्यांनीही. काकांनी दोन खुर्च्या मांडल्या. एका खुर्चीवरून आरोप केले, उठून दुसरीवर बसले आणि इतकं तिखट उत्तर दिलं की सेक्रेटरी म्हणाले, "काका, जरा सबुरीने." चहा आला तेव्हा काकांनी घेतला नाही. "आत्ता दोघंही चहा पिण्याच्या मनःस्थितीत नाहीत," म्हणाले.

कुलकर्ण्यांच्या वतीने ते एका लग्नाला आले होते, तिथे पंगतीत आमची पानं शेजारीशेजारी होती. वाढप्याने गरम जिलेबी आणली. काकांनी पानावर हात आडवा धरला. "कुलकर्ण्यांना मधुमेह आहे." मी म्हटलं, "अहो, तुम्हाला कुठे आहे?" ते म्हणाले, "मी कुठे जेवतोय, सर?" वाढपी पुढे गेला. काका मान वळवून त्याच्या ताटाकडे बघत राहिले, तो मांडवाच्या टोकाला पोचेपर्यंत.

मागच्या वर्षी माझी पत्नी गेली. मुलाला कॅनडाहून येता आलं नाही. दहाव्याच्या सकाळी काका धोतर नेसून दारात आले. "सर, आज मी तुमच्या मुलाचा मुखत्यार." वरसाव्याला खाडीच्या काठी त्यांनी सगळे विधी केले. पिंडाला कावळा शिवेना, तेव्हा गुरुजींनी रीतीप्रमाणे दर्भाच्या काड्या वळून कावळा केला आणि तो पिंडाला लावला. काका त्या गवताच्या कावळ्याकडे टक लावून बघत होते. परतताना रिक्षात म्हणाले, "माझ्या वेळी खराच कावळा हवा हं, सर. प्रतिनिधी नको." मी हसलो. ते हसले नाहीत.

गेल्या महिन्यात काका झोपेतच गेले. आदल्या संध्याकाळी कुणाचा तरी दूत म्हणून ते माझ्या दारात उभे होते, आणि सकाळी वॉचमन सांगत आला. मला ते कळायलाच वेळ लागला. त्यांचा एक लांबचा भाचा दुबईला असतो. त्याला फोन केला तर तो म्हणाला, "सर, मला सुट्टी मिळणार नाही. तुम्हीच करा ना माझ्या वतीने." मी हो म्हटलं आणि गुरुजींना फोन लावला.

दहाव्याला वरसाव्याच्या त्याच काठावर मी पोचलो. हळूहळू माणसं जमली. जिग्नेशभाईंच्या दुकानातला नोकर आला, "सेठ ने भेजा है." कुलकर्ण्यांचा ड्रायव्हर आला. सेक्रेटरींनी वॉचमनला पाठवलं होतं. मी मोजत बसलो नाही, पण स्वतःहून आलेला माणूस मला दिसला नाही. ज्यांच्यासाठी काका जन्मभर रडले, भांडले, पंगतीत बसले, त्यांनी माणसं पाठवली होती.

गुरुजींनी नाव विचारलं. दारावरच्या पाटीवर नुसतं 'साळवी' होतं. वडिलांचं नाव? भाच्यालाही माहीत नव्हतं. गोत्र? "माहीत नसलं की कश्यप धरतात," गुरुजी म्हणाले. म्हणजे गोत्रसुद्धा बदली आलेलं.

कावळे समोरच्या झाडावर बसून होते. खाली एकही येईना. "आवडीचं काय होतं त्यांच्या?" गुरुजींनी विचारलं.

"मीठा नहीं खाते थे," ड्रायव्हर म्हणाला.

"तीखा भी नहीं," दुकानातला नोकर म्हणाला. "सेठ को एसिडिटी है ना."

काकांनी काय काय नाकारलं, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं. गुरुजींनी दर्भाची जुडी उचलली.

"जरा थांबा," मी म्हणालो.

वॉचमन उठला. "सर, क्या लाना है? मैं लाता हूँ."

"नहीं. मैं ही जाऊँगा."

नाका तसा जवळ आहे, पण माझ्या गुडघ्यांना लांब पडला. मिठाईच्या दुकानातून कढईतली जिलेबी घेऊन आलो तेव्हा गुरुजी घड्याळ बघत होते. मी पिंडाच्या भाताशेजारी पान मांडलं, त्यावर जिलेब्या ठेवल्या आणि हात जोडले.

"भाच्याच्या वतीने म्हणा," गुरुजी म्हणाले.

"नाही. माझ्याच वतीने." मग मी हळूच म्हणालो, "काका, मीच आलोय. तुम्हीही आज कुणाच्या वतीने येऊ नका."

बराच वेळ काही झालं नाही. मग एक कावळा खाली उतरला. भाताभोवती फिरला, मान वाकडी करून आमच्या सगळ्यांकडे बघितलं, आणि एक जिलेबी चोचीत धरून उडाला.

"भाताला शिवला नाही," गुरुजी पुटपुटले.

तेवढ्यात तो परत आला आणि त्याने दुसरी नेली.