शिरगाव मुक्कामी जादूची बिदागी वसूल जाहली त्याची हकीकत

आधी गजाननास दंडवत, कारण मोहीम त्याच्याच मांडवात जाहली. मग शारदेस, कारण कला तिची. आणि मग त्या तमाम यजमानांस मुजरा, ज्यांणी कलावंतास खुर्ची दिली, चहा दिला, आग्रह करकरून दुसराही चहा दिला, आणि पाकीट देण्याचे वेळी ज्यांस एकाएकी आरतीची आठवण जाहली. शके एकोणीसशे नऊ, प्रभवनाम संवत्सर, भाद्रपद शुद्ध सप्तमीस बदलापूर प्रांती शिरगाव मुक्कामी जो रणसंग्राम जाहला त्याचे वर्तमान येणेप्रमाणे. तिखटमीठ लागले असेल तर ते चवीपुरते समजावे.

अंबरनाथी दिनानाथपंत म्हणोन एक मशहूर जादूगार वास्तव्य करोन होते. पाटीवर 'जादूसम्राट डी. नाथ' ऐसा किताब होता. सम्राटांचा मुलूख म्हणजे भाड्याची दीड खोली, आणि दौलत म्हणजे काळा कोट, दोन कबुतरे व लाल मखमलीची गायब पेटी. राज्याचा खर्च मात्र चाले तो कबिल्याचे, म्हणजे वृंदाबाईसाहेबांचे शिवणाच्या मशिनीवर. बाईसाहेब दिवसा शेजारणींचे ब्लाउज शिवीत, आणि संध्याकाळी टिकल्यांचा झगा घालोन पेटीत शिरत व गायब होत. सम्राटांचे हातात मोठी करामत होती. रुमालातून कबूतर काढीत, म्हाताऱ्याचे कानातून नाणे काढीत, परंतु बिदागीची गोष्ट निघाली की जीभ टाळूस चिकटे आणि मुखातून एकच वाक्य पडे की, 'तुम्ही काय ते समजून द्या.' या वाक्याने सम्राटांचे जितके नुकसान केले तितके कोणा गनिमाने केले नसेल. लोक समजून घेत. देत मात्र नसत.

मागील मोहिमांचा दाखला पाहावा तर, अंबरनाथी एका कारखानदार साहेबांचे घरी वाढदिवसाचा प्रयोग केला, तेथे बटाटेवडे आणि एक बॉलपेन हाती आले, आणि बॉलपेन घरी येईतो सुकले. मग बदलापूर गावात हळदीचा प्रयोग केला. तेथे यजमानीण पुतळाबाई कमरेवर हात ठेवोन बोलिली, "तुला पैसं कनाला पायजेत रं? तू त हवेतशी नोटा कारतंस!" आणि मांडव हसला, आणि सम्राटही लाजोन हसले, आणि एक दुधी भोपळा काखेस मारोन माघारी आले. बाकी सर्वत्र शाल व नारळ. ऐशा शाली इतक्या साठल्या की वृंदाबाईंणी त्यांच्या गोधड्या शिविल्या.

शेवटी बाईसाहेबांचे बंधू कमळाकरराव खलिता घेऊन आले की, आनंदनगरच्या एका कारखान्यात स्टोअरकीपरची जागा रिकामी आहे, सोमवारी हजर व्हावे, पगार एक तारखेस. तेव्हां वृंदाबाईंणी मशीन थांबविली आणि हुकूम सोडिला, "हे बघा, शिरगावचा हा शेवटचा. ठरलेले पैसे हातात पडले तर पेटी राहील. परत नारळ आणलात, तर पेटी भंगारात आणि तुम्ही सोमवारी डबा घेऊन आनंदनगरला. मी बोलले म्हणजे बोलले."  सम्राट पेटीपाशी बसोन मखमलीवरून उगाच हात फिरवीत राहिले. नोकरी वाईट नव्हती. परंतु स्टोअरकीपरास पाहोन कोणी पोर कधी तोंडाचा आ करीत नाही, हे दुःख त्यांस खाऊ लागले.

त्यात पेटीचे बिजागर मोडले. मग पेटी टेंपोत घालोन उभयतां उल्हासनगरी फर्निचर बाजारात गेली, जेथे लोकूमल शेटीने ती पूर्वी बनविली होती. शेटीने बिजागर पाहिले, भाव सांगितला आणि हात पुढे केला. सम्राट सवयीने बोलिले की, शेट, समजून घ्या, नंतर देतो. त्यावर लोकूमल पान चघळीत उत्तरले, "समझ गया साईं, इसीलिए पहले माँगता हूँ. आधा अभी, आधा माल उठाने से पहले. माल गया तो हाथ में सिर्फ नमस्ते रहता है." सम्राटांस राग आला. वृंदाबाईंस आला नाही. त्यांणी पदराच्या गाठीतून निम्मे पैसे मोजोन दिले, बिजागर बसल्यावर उरलेले दिले, आणि सारा रस्ता एक अक्षर बोलल्या नाहीत. बाईसाहेब बोलत नसल्या म्हणजे कोठेतरी तोफा ठासल्या जात आहेत, हे बारा वर्षांच्या संसारी पुरुषास कळावयास हवे होते. सम्राटांस कळले नाही.

सप्तमीस दिवेलागणीस फौज शिरगावी दाखल जाहली. तेथील गणेशोत्सवाचे अध्यक्ष विष्णुपंत, कारखान्यातून अफसरी करोन निवृत्त जाहलेले, मोठे वजनदार गृहस्थ. वर्गणी वसूल करणेस सिंह, आणि खर्च करणेस कासव. मंडळाची रोकड पत्र्याच्या पेटीत, पेटी आसनाखाली, आणि तिची किल्ली जानव्यास. त्यांणी बिदागी साडेतीनशे ऐसा शब्द दिला होता, आणि शब्दास खर्च येत नाही.

वृंदाबाईंणी मांडवाबाहेरच धनी साहेबांस वकील करोन पाठविले की, निम्मे आधी घेऊन यावे. वकील गेले आणि चहा पिऊन आले. विष्णुपंतांणी पाठीवर थाप मारोन सांगितले की, कार्यक्रम तर होऊ द्या, मग बघू, आपण का परके आहोत! आता 'बघू' या शब्दाचा महाराष्ट्र देशी काय अर्थ होतो तो दूधवाल्यापासोन वधूपित्यापर्यंत सर्वांस ठाऊक आहे. शिवाय वकिलांणी आणखी एक खबर आणिली की, टेबलावर ताटात शाल आणि नारळ तयार आहे. बाईसाहेबांणी केवळ, "बरं," म्हटले आणि झग्याचे हूक लाविले.

मग प्रयोग सुरू जाहला. पहिल्या रांगेत सोफ्यावर विष्णुपंत व त्यांच्या पत्नी माई, आणि मागे अवघे शिरगाव. कबुतरे उडाली, नाणी निघाली, दोरी कापोन अखंड जाहली. सम्राट ऐसे रंगले की सोमवार विसरोन गेले. मग गायब पेटी आली. वृंदाबाई आत शिरल्या, दार लागले, मंत्र जाहला, दार उघडिले तो पेटी रिकामी! टाळ्यांचा कडकडाट जाहला. आता रीत ऐसी की, बाईंणी काळ्या पडद्याआडोन मागील फळीने पुन्हा आत यावे, आणि दुसऱ्या मंत्रास गळ्यात हार घालोन प्रकट व्हावे. सम्राटांणी दार लाविले, मंत्र म्हटला, दार उघडिले. पेटी रिकामी.

लोक हसले. सम्राटही हसले, परंतु त्या हसण्यात ओठच काय ते होते. पुन्हा दार, पुन्हा मंत्र, थोडा मोठ्याने. पेटी रिकामी. मग त्यांणी पेटीत डोके घालोन हळूच हाक मारिली, "वृंदा? अगं, ये ना!" आतून फक्त पॉलिशचा वास आला.  सम्राटांचा कोट घामाने भिजला. रोज संध्याकाळी जी बायको गायब होई ती आपल्याच मंत्राने परत येते ऐसा भ्रम त्यांस बारा वर्षे होता. ती आपण होऊन परत येत होती, हे त्या घटकेस प्रथम कळले, आणि गर्दीसमोर माणूस रडकुंडीस आला.

इतक्यात पहिल्या रांगेतून खणखणीत आवाज उठिला. पाहतात तो, सोफ्यावर विष्णुपंत आणि माई यांचे मधोमध वृंदाबाई टिकल्यांच्या झग्यात ठाण मांडोन बसल्या आहेत! पडद्याआडोन मांडवास वळसा घालोन, सर्वांचे डोळे रिकाम्या पेटीवर असता त्यांणी तो मोर्चा काबीज केला होता. दिवेवाल्याने झोत वळविला. बाईंणी हात पसरिला आणि बोलिल्या, "अध्यक्षसाहेब, ठरलेले साडेतीनशे. ते मिळाले की मी पेटीत."

मांडव दणाणला. हा प्रयोगाचाच भाग ऐसे समजोन लोक खूष जाहले. विष्णुपंत झोतात सापडले, नमस्काराचे हसू आणोन कुजबुजले की, ताई, नंतर, नंतर! बाई जागच्या हलेनात. मग पोरांणी आरोळी धरिली, "पैसे द्या! काकू आणा!" आणि बायकांणी टाळ्यांचा ठेका दिला, आणि विष्णुपंतांणी वर गणपतीकडे पाहिले, तो गणपतीही बघतच होता. अखेर माईंणी कोपर ढोसोन फर्माविले, "अहो, द्या की! सगळी बघतायत. एवढं काय, तुमच्या खिशातले आहेत का?" येथे किल्ला पडला. विष्णुपंतांणी सदऱ्यात हात घालोन जानवे ओढिले, किल्ली निघाली, परंतु जानवे आखूड म्हणोन खासा अध्यक्षांस सोफ्याखालच्या पत्र्याच्या पेटीपाशी गुडघ्यांवर वाकावे लागले, आणि त्या अवस्थेत एकेक नोट थुंकी लावोन मोजावी लागली. कबुतरास, दोरीस, पेटीस जी टाळी पडली नाही ती या प्रसंगी पडली. शिरगावात जुनी माणसे सांगत की, बाई गायब करणारे जादूगार पुष्कळ पाहिले, परंतु विष्णुपंतांकडोन नोटा काढणारा हाच पहिला.

मग वृंदाबाई पडद्याआड गेल्या, मंत्र जाहला, दार उघडिले, आणि बाई हारासह प्रकट जाहल्या. सम्राटांणी त्यांचा हात धरिला तो रिवाजापेक्षा अंमळ घट्ट धरिला.

प्रयोग उरकोन, पेटी टेंपोत चढवोन उभयतां निघाली, तेव्हां सम्राट आनंदाने बोलिले की, आता सोमवारचे नाव नको, दे ते पैसे, खिशात ठेवितो. वृंदाबाईंणी नोटांचे दोन भाग केले, एक त्यांचे हाती दिला, आणि दुसरा आपल्या पर्सेत घालोन चेन लाविली.

"हे काय?" सम्राट.

"पावणेदोनशे माझे. गायब मी होते ना? आणि पुढच्या प्रयोगाचे माझे निम्मे आधी. पेटीत पाय ठेवायच्या आधी."

सम्राटांणी तोंड उघडिले. 'आपण का परके आहोत' ऐसे काहीसे ओठांपर्यंत आले होते, इतक्यात बाईंणी नुसते वळोन पाहिले. सम्राटांणी तोंड मिटिले. मग आपल्या वाट्यातून पुढच्या प्रयोगाचे निम्मे मोजिले, आणि 'समजून घे' न म्हणता तिचे हाती ठेविले. येणेप्रमाणे शिरगावची मोहीम फत्ते जाहली, बिदागी रोख वसूल जाहली, जादू राहिली, आणि बारा वर्षांचे थकबाकीविषयी तह व्हावयाचा आहे. त्याची बोलणी बाईसाहेबांणी टेंपोतच सुरू केली.